मोजपट्टी की शिक्का?

प्रथम वर्षाची मुले आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा येतात, तेव्हा मी त्यांच्या हाती व्हर्निअर कॅलिपर देतो आणि विचारतो, "हे उपकरण तुम्हाला खोटे सांगू शकेल का?" बहुतेक मुले ठामपणे 'नाही' म्हणतात. मग मी कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटवायला सांगतो आणि वाचन घ्यायला लावतो. जबड्यांत काहीही धरलेले नसते, तरी उपकरण ०.०३ सेंटिमीटर दाखवते! मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. हीच ती शून्य त्रुटी.

याचा अर्थ उपकरण फेकून द्यावे असा होतो का? मुळीच नाही. ती त्रुटी लक्षात घेऊन, तेवढी वजा करून आपण बिनदिक्कत मापन करतो. मात्र मापन करणाऱ्याने तीन प्रश्न नेहमी विचारले पाहिजेत. हे उपकरण नेमके काय मोजते? किती अचूक मोजते? आणि त्याचे अंशांकन कोणत्या प्रमाणाशी ताडून केले आहे?

पदार्थविज्ञानातले हे तीन प्रश्न आज मी एका वेगळ्याच मापनाला लावणार आहे. शाळेत वाचन, लेखन किंवा गणित यांत सतत अडखळणाऱ्या मुलांच्या मानसशास्त्रीय आणि शैक्षणिक चाचण्या हा तो विषय. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने यात का पडावे, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण माझ्या प्रयोगशाळेतच घडले.

लाल शाईचा शेरा

काही वर्षांपूर्वी माझ्या तुकडीत तालुक्याच्या गावाहून आलेला एक मुलगा होता. त्याचा हात विलक्षण स्थिर. उपकरण जुळवावे तर त्यानेच. साध्या लंबकाचा प्रयोग चालू असताना मी सहज विचारले, "झोका लहानच का ठेवायचा?" वर्गातल्या हुशार मुलांनी पुस्तकातले वाक्य म्हटले. या मुलाने लंबक हाताने मोठ्या कोनातून सोडून दाखवला आणि वेळ कसा किंचित वाढतो, हे घड्याळ लावून सिद्ध केले.

पण त्याची प्रयोगवही म्हणजे नुसता गोंधळ. २० आंदोलनांना ३६.२ सेकंद लागले, तर निरीक्षण-तक्त्यात ६३.२. एकाच ओळीत 'घ' चा 'ध' आणि 'ध' चा 'घ'. निष्कर्षाची दोन वाक्ये लिहायला अर्धा तास. मी त्याला चारचौघांत 'निष्काळजी' म्हटले. वहीवर लाल शाईने तोच शेरा दिला, तोही तीन वेळा. पहिले सत्र संपल्यावर तो महाविद्यालयात आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, त्याने शिक्षण सोडले होते.

पुढे शिक्षकांच्या एका शिबिरात मी मानसशास्त्राच्या एका जाणकार बाईंचे व्याख्यान ऐकले. त्यांनी फळ्यावर मुलांच्या वह्यांतले नमुने काढून दाखवले आणि माझ्या पोटात गोळा आला. ती वही मी पाहिलेली होती! त्या मुलाला नेमके काय होते, हे मी आज सांगू शकत नाही. मी मानसशास्त्रज्ञ नाही. पण खंत हीच आहे की, बालवाडीपासून माझ्यापर्यंत पंधरा वर्षांत कोणीही ते तपासून पाहिले नाही. आम्ही सर्वांनी मापन न करताच निष्कर्ष लिहिला. प्रयोगशाळेत याला आम्ही लबाडी म्हणतो.

बुद्धी एक, वाचन दुसरे

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळात मागे नव्हता, त्याची नजरही चांगली होती. आकडे त्याला वाचता येत, गणिते सुटत. पण अनेक वर्षे शिकवूनही छापील शब्द त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत पुढे असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते.

आज आपण यालाच वाचन-अक्षमता किंवा डिस्लेक्सिया म्हणतो. लेखनाच्या बाबतीत डिसग्राफिया आणि गणिताच्या बाबतीत डिसकॅल्क्युलिया असे शब्द आहेत. या सर्वांना मिळून विशिष्ट अध्ययन अक्षमता असे नाव आहे. यातला 'विशिष्ट' हा शब्द फार महत्त्वाचा. एकंदर बुद्धी चांगली असते, शिकवणारे असतात, मुलगा प्रयत्नही करतो. तरीही एका ठरावीक कामात मेंदूला जास्त कष्ट पडतात. तो आळस नव्हे आणि आईबापांच्या वळणाचा दोषही नव्हे.

मग हे ओळखायचे कसे? मुलगा वाचनात मागे पडण्याची कारणे अनेक असू शकतात. त्याला फळा नीट दिसत नसेल. एका कानाने कमी ऐकू येत असेल. घरी एक बोली आणि शाळेत दुसरी भाषा असेल. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर जावे लागल्याने शाळाच बुडाली असेल. मनावर एखादे दुःख असेल. किंवा बौद्धिक वाढच सावकाश होत असेल. या प्रत्येक कारणावरचा उपाय वेगळा. तापावर औषध देण्यापूर्वी ताप कशाचा, हे डॉक्टर शोधतात. तसेच हे आहे. चाचण्या करायच्या त्या यासाठी.

नीट तपासणी झाली तर तिचा क्रम साधारण असा असतो. आधी डोळे आणि कान. मग आईवडिलांशी आणि शिक्षकांशी सविस्तर बोलणे, मुलाच्या वह्या पाहणे. त्यानंतर बुद्धिमापन चाचणी. मग वाचन, लेखन आणि गणित यांच्या शैक्षणिक चाचण्या. मुलगा सातवीत आहे, पण त्याचे वाचन कितवीच्या पातळीचे आहे, हे या चाचण्यांतून कळते. बुद्धिमापनाचा आकडा आणि वाचनाची पातळी यांत मोठी तफावत आढळली आणि बाकीची कारणे तपासून बाजूला सारली गेली, म्हणजे मग तज्ज्ञ अध्ययन अक्षमतेचे निदान करतात. एका बैठकीत, एकाच चाचणीवरून आणि दहा मिनिटांत हे होत नाही. तसे कोणी करून दिले, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

बिने यांनी काय मोजले?

आता पहिला प्रश्न: हे उपकरण मोजते तरी काय? फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाल्यावर सर्व थरांतली मुले शाळेत आली. त्यांतल्या कोणाला जादा मदतीची गरज आहे, हे ठरवण्यासाठी १९०४ साली सरकारने एक समिती नेमली. आल्फ्रेड बिने हे तिचे सदस्य. त्यांनी थिओडोर सिमॉन यांच्या मदतीने १९०५ साली ३० प्रश्नांची एक मालिका तयार केली. पेटत्या काडीमागे नजर फिरवणे, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणणे, दोन वजनांतले जड कोणते ते सांगणे अशा सोप्या कामांपासून ती सुरू होई आणि अवघड होत जाई.

बिने यांचा हेतू मदत करण्याचा होता, हे विसरू नका. बुद्धी ही जन्माची ठरलेली, न वाढणारी रास आहे, या समजुतीविरुद्ध त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात जोराने लिहिले. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायामही सुचवले. पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळ हा त्यांतलाच एक. १९११ साली त्यांचे निधन झाले. नंतरच्या काहींनी मात्र त्यांच्या मोजपट्टीचा शिक्का बनवला.

१९१२ साली विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ साली अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणले आणि बुद्ध्यंक रूढ झाला. दहा वर्षांच्या मुलाची उत्तरे आठ वर्षांच्या सर्वसाधारण मुलासारखी असतील, तर बुद्ध्यंक ८०. आज ही रीत मागे पडली आहे. डेव्हिड वेक्सलर यांच्या १९३९ नंतरच्या चाचण्यांपासून मुलाची तुलना त्याच्या वयाच्या इतर मुलांशी करतात. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ मानतात. म्हणजे सुमारे ६८ टक्के मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात.

तेव्हा बुद्ध्यंक म्हणजे लांबी किंवा वस्तुमान यांसारखी राशी नव्हे. ते रांगेतले स्थान आहे. १२० बुद्ध्यंकाचा मुलगा ६० बुद्ध्यंकाच्या मुलापेक्षा दुप्पट बुद्धिमान, असे म्हणणे चूक आहे. ४० अंश सेल्सिअसचे पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा 'दुप्पट गरम' असते असे म्हणण्यासारखेच ते होईल.

आकड्यामागचा 'अधिक-उणे'

दुसरा प्रश्न अचूकतेचा. प्रयोगवहीत लघुतम माप न लिहिता नुसते उत्तर लिहिले, तर मी गुण कापतो. मग मुलाच्या अहवालातला '८४' हा आकडा तरी आपण तसाच कसा स्वीकारतो? चांगल्या बुद्धिमापन चाचणीचीही प्रमाण त्रुटी ३ ते ५ गुणांच्या घरात असते. ती ४ धरली, तर ८४ चा खरा अर्थ 'बहुधा ७६ ते ९२ च्या दरम्यान' असा होतो. त्या दिवशी मुलगा उपाशी होता, त्याला सर्दी होती किंवा अनोळखी खोलीत तो बुजला होता, या गोष्टी आणखी निराळ्या. तेव्हा ८४ वाला आणि ८८ वाला यांत फरक करणे शास्त्राला धरून नाही.

शिवाय हा आकडा अनेक उपचाचण्यांचा एकत्रित असतो. नदीची सरासरी खोली तीन फूट आहे, असे ऐकून पाण्यात उतरलेला माणूस बुडाल्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. एखाद्या मुलाची चित्ररचनेची समज उत्तम आणि ऐकलेले आकडे लक्षात ठेवण्याची शक्ती कमी, असे असू शकते. सरासरीत दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. म्हणून पालकांनो, अहवाल मिळाला की शेवटचा आकडा तेवढा पाहू नका. आतले तक्ते तज्ज्ञाकडून समजावून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

अंशांकन कुठले?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॅरिसच्या मुलांवर बेतलेली पट्टी पालघरच्या मुलाला कशी लागू पडेल? ज्याने कधी लिफ्ट पाहिली नाही, त्याला लिफ्टवरचा प्रश्न विचारला, तर आपण त्याची बुद्धी मोजत नाही. त्याचा पत्ता मोजतो. ही केवळ शंका नव्हे. कॅलिफोर्नियात १९७९ साली न्यायालयाने कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या, खालच्या वर्गात घालण्यासाठी बुद्ध्यंक चाचण्या वापरण्यास मनाई केली. त्या चाचण्या या मुलांच्या बाबतीत पक्षपाती ठरल्या होत्या.

आपल्याकडे या बाबतीत चांगले काम झाले आहे, याचा अभिमान वाटतो. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बेतली. ती बिने-कामत चाचणी म्हणून देशभर माहीत झाली. नागपूरला डॉ. आर्थर मालिन यांनी १९६९ साली वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीची भारतीय आवृत्ती तयार केली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची अध्ययन अक्षमतेची चाचणीमाला १९९१ सालची. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली 'डाली' ही चाचणी काढली. ती हिंदी, कानडी, इंग्रजी यांच्याबरोबर मराठीतही आहे. मराठी मुलाची अडचण मराठीतच तपासली पाहिजे. आपल्या लिपीतला रफार, जोडाक्षरे, वेलांट्या आणि 'ख' व 'रव' यांतला घोटाळा इंग्रजी चाचणीत दिसणार कुठून?

मात्र अंशांकनही जुने होते. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिले की, अमेरिकेत चाचण्यांतले सरासरी गुण दर दशकाला सुमारे ३ ने वाढत होते. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रमाणाशी आजच्या मुलाला ताडले, तर आकडा फुगून येईल आणि मदतीची गरज असलेला मुलगा सुटून जाईल. तेव्हा 'चाचणी कोणती, तिची प्रमाणे कधीची आणि कोणत्या मुलांवरची?' हे विचारायला संकोच करू नका. चांगला तज्ज्ञ या प्रश्नाने रागावत नाही.

शिक्का बसेल, ही भीती

इतके दोष सांगितल्यावर तुम्ही म्हणाल, मग चाचणी करावीच कशाला? पुष्कळ पालक आणि काही शिक्षकही असेच म्हणतात. एकदा नाव पडले की ते जन्मभर चिकटते, अशी त्यांची भीती असते. ती अगदी खोटी आहे, असे मी म्हणणार नाही. अहवाल शिक्षकांच्या खोलीत चघळला जातो, मुले चिडवतात, हे मी पाहिले आहे. अहवाल गुप्त राखणे हे शाळेचे कर्तव्य आहे आणि त्यात कसूर होता कामा नये.

परंतु चाचणी न केल्याने शिक्का टळतो का? माझ्या त्या विद्यार्थ्याला एकही चाचणी दिलेली नव्हती, तरी त्याच्यावर शिक्के पुष्कळ होते. 'आळशी', 'मठ्ठ', 'निष्काळजी'. त्यांतला एक तर मीच मारला होता. या शिक्क्यांना ना अंशांकन, ना त्रुटीचा अंदाज, ना उपाय. ते मुलाला कोणतेही दार उघडून देत नाहीत. चाचणीतून मिळालेले नाव निदान पुढचा रस्ता दाखवते: अक्षर वाळूत गिरवून, ध्वनी सुटे करून, दोन-तीन इंद्रियांना एकदम कामाला लावून शिकवण्याची पद्धत. अशा पद्धतशीर शिकवणीने वाचन सुधारते, आणि ती जितकी लवकर सुरू होईल तितके चांगले.

'सवलती उकळण्यासाठी लोक दाखले आणतात', असाही एक आक्षेप असतो. महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानेही विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. काही जण गैरफायदा घेत असतील. पण खोटे दाखले रोखण्याचा मार्ग म्हणजे अधिक काटेकोर तपासणी. खरी गरज असलेल्याचा जादा वेळ काढून घेणे हा तो मार्ग नव्हे. चष्मा लावणाऱ्याला आपण सवलत घेतो म्हणून हिणवतो का?

आणि एक विनंती. 'आइन्स्टाइनही डिस्लेक्सिक होते' हे वाक्य मुलांना धीर देण्यासाठी वापरू नका. त्याला पुरावा नाही. शाळेत ते गणितात उत्तम होते. शिवाय मदत मिळण्यासाठी मुलाने पुढे आइन्स्टाइन झालेच पाहिजे असे थोडेच आहे? तो उत्तम वायरमन झाला, दुकानदार झाला, सुखाने वर्तमानपत्र वाचणारा शेतकरी झाला, तरी त्याच्यावर घेतलेली मेहनत सार्थकी लागली.

आपण काय करू शकतो?

शिक्षक बंधुभगिनींनो, निदान करणे आपले काम नाही. पण निरीक्षण करणे आहे. तोंडी उत्तर चटकन देणारा मुलगा लेखी परीक्षेत सतत पडतो, वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जातो, फळ्यावरचे उतरवताना दरवेळी मागे राहतो, असे दिसले तर तारीख घालून वहीत नोंद करा. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी घेऊन पालकांना भेटा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांना भेट देतात. अध्ययनातल्या अडचणी त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. त्यांच्याकडे मुलाला दाखवा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तालुक्याच्या गावी मात्र ही सोय मिळवायला खेटे घालावे लागतात. प्रत्येक तालुक्यात निदान एक प्रशिक्षित माणूस असावा, ही मागणी आपण शिक्षकांनी लावून धरली पाहिजे.

आणि अहवाल आला की तो कपाटात ठेवू नका. मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, उत्तर तोंडी घेणे, शुद्धलेखनाच्या चुका आणि विषयाचे गुण वेगळे ठेवणे या गोष्टींना पैसे लागत नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी दोनच शब्द. तुमच्या बाकावरचा मित्र अडखळत वाचत असेल, तर हसू नका. आणि अडखळणारे तुम्ही स्वतः असाल, तर लाजू नका. आईला, ताईला, ज्या बाई वा सर जवळचे वाटतात त्यांना सांगा, "मला तपासून घ्यायचे आहे." तपासून घेणे ही विज्ञानाची रीत आहे.

माझ्या तुकडीत हल्ली कोणाच्या वहीत ३६ चे ६३ झालेले दिसले, तर मी लाल शाई बाजूला ठेवतो. त्या मुलाला पुन्हा उपकरणापाशी नेतो आणि म्हणतो, "वाचन मोठ्याने सांग, मी लिहितो." बहुतेक वेळा ते बरोबर असते. ज्याच्यासाठी हे आधीच करायला हवे होते, तो आज कुठे आहे हे मला ठाऊक नाही.